लाल लाईट आणि ओला दुपट्टा: दारव्ह्याच्या ऑडिओवाल्या काकांकडचा एक दिवस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

माझी पिकअप आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावचा कापूस भरून जिनिंगला टाकायचा, मग तूर-हरभरा, आणि उन्हाळ्यात लग्नाचं सामान. दिवसाचे दहा-दहा तास केबिनमध्ये जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी हौसेनं गाणं बसवलं. दारांत स्पीकर, सीटच्या मागे जेमतेम मावणारा, बेस वाजवणाऱ्या दहा इंची वूफरचा चपटा डबा, आणि त्या डब्यालाच स्क्रूनं आवळलेला चार चॅनेलचा अँप, म्हणजे स्पीकरांना ताकद देणारा अँप्लिफायर. शहरातल्या एका झगमगीत दुकानात हे काम केलं होतं. त्याचं नाव घेत नाही, भांडण नको.

पहिला हिवाळा काही बोभाटा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात अँप मध्येच बंद पडायला लागला. लाल लाईट लागायचा, गाणं गप्प. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. मी दुर्लक्ष केलं. मग मे महिन्यात साळ्याचं लग्न आलं. पारा 45 च्या वर, वरातीपुढे माझी गाडी, पोरं नाचून राहिलेली, आणि तिसऱ्याच गाण्याला अँपनं मान टाकली. सासरे फेटा सावरत खिडकीपाशी आले. "जवाईबापू, गाणं काहून बंद पडलं?" मी लाल लाईटकडे बोट दाखवलं. त्यांना त्यातलं काय कळणार! शेवटी बँडवाल्यांनी लाज राखली.

त्या शहरातल्या दुकानात फोन केला. गाडी न पाहताच उत्तर मिळालं: "अँप गेला. नवा घ्या, साडेनऊ हजार." तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी माझी अक्कल चालवली. पाण्याच्या कॅनला गुंडाळतो तसा ओला दुपट्टा अँपवर टाकला. खरं सांगतो, अर्धा तास जास्त चालला. म्हणून रोज टाकायला लागलो.

शेवटी यार्डातल्या एका हमालानं या काकांचा पत्ता दिला. शकुंतला नावाची छोटी रेल्वे बंद पडल्यापासून दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनकडचा भाग शांतच असतो. तिकडच्या एका रस्त्याला कडुलिंबाखाली टिनाचं शेड आहे. पाटी नाही. बाहेर दोन जुने भोंगे टांगलेले दिसले की समजायचं. काका पूर्वी लग्नाला भोंगे लावायचे, मग टीव्ही दुरुस्ती केली, आता गाडीतले गाण्याचे डेक आणि अँप. हाताखाली त्यांची पोरगी असते, आयटीआय झालेली. मीटर तिच्याच हातात असतो.

मी सकाळी साडेनऊला पोचलो. काकांनी सीट पुढे ओढली आणि माझा दुपट्टा दोन बोटांनी असा उचलला, जसं काही मेलेलं उंदीर.

"काय बे हे? आंघोळ घालतं का त्याले?"

"थंड राहावा म्हणून टाकला, काका."

"त्याले हवा पाहिजे, पाणी नाही. त्याच्या अंगातून गरमी निघाले जागाच नाही ठेवली तू. अन् एखादा थेंब आत गेला असता तं?"

दुपट्टा त्यांनी काउंटरवर फेकला. मग एकच प्रश्न विचारला: "गरम होऊन बंद पडते, का थंडाच बंद पडते?" तेव्हा मला तो फालतू वाटला. निम्मा रोग तिथेच कळतो, हे नंतर समजलं. सकाळी थंड गाडीत चालू केल्या केल्या लाल लाईट आला, तर आत काहीतरी शॉर्ट झालं असतं किंवा स्पीकरची सोललेली वायर बॉडीला टेकलेली असते. वीस मिनिटांनी, हात लावला की चटका बसेल इतका तापून बंद पडला आणि थंड झाल्यावर परत चालू झाला, तर अँप मेलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. माझा दुसऱ्या जातीचा होता. म्हणजे साडेनऊ हजारांचं निदान फोनवरच चुकलं होतं.

यानंतर मला वाटलं, आता अँप खोलतील. पण पहिला तास त्यांनी अँपचा एक स्क्रूही काढला नाही. इंजिन चालू करायला लावलं, गाणं मोठं केलं, आणि पोरीनं मीटर लावला. बॅटरीवर 13.9 व्होल्ट. अँपच्या पॉइंटवर 11.6. 2.3 व्होल्ट रस्त्यातच सांडत होते. मग तिनं मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी अँपच्या मायनसला लावली: 0.9. "दादा, हे शून्याच्या जवळ पाहिजे होतं. फार तर 0.1," ती म्हणाली.

मायनसची वायर सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली होती, रंगावरच! रंगातून वीज जाणार कशी? काकांनी दुसरी जागा निवडली, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला लग (धातूचं कडं) लावून नट आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. वायर जेमतेम फूटभर ठेवली. पुन्हा मोजलं, 0.05.

प्लसची वायर बघण्यासारखी होती. बाहेरून जाडजूड, लाल, पारदर्शक. काकांनी टोक सोललं आणि ब्लेडनं एक तार खरवडली, आत पांढरं. वरून तांब्याचा नुसता मुलामा, पोटात अल्युमिनियम. अल्युमिनियम त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहून नेतं. शहरात याच वायरचे माझ्याकडून तांब्याचे पैसे घेतले होते. बरं, बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता. इथे काका पहिल्यांदा गंभीर झाले. ही वायर कुठे पत्र्याला घासून सोलली तर अँपमधला फ्यूज काही करू शकत नाही, बॅटरीची सगळी ताकद त्या वायरमध्ये जळते, आणि माझ्या मागे हौद्यात कापूस भरलेला असतो. त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर 60 अँपिअरचा फ्यूज बसवला आणि वेल्डिंगची 25 चौरस मिलिमीटरची केबल टाकली. तांब्याची आहे हे टोक खरवडून आधी मलाच दाखवलं. साडेतीन मीटर लागली.

आता वूफर. यात मात्र माझीच हौस नडली होती. वूफरला 4-4 ओहमच्या दोन कॉइल आहेत. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अँपवर ताण जास्त. शहरातल्या पोराला मी म्हणालो होतो, बेस जोरात पाहिजे. त्यानं दोन्ही समांतर जोडल्या, झाले 2 ओहम. अँपचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोघांचा मिळून एक करून, त्यावर लावले. अँपच्या बुडावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ब्रिज केल्यावर 4 ओहमच्या खाली जायचं नाही. ब्रिजमध्ये दोन चॅनेल एकच ओझं अर्धं-अर्धं वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकाला ते 1 ओहमसारखं वाटत होतं. काका म्हणाले, "एका बैलाच्या मानेवर दोघांचं जू ठेवलं तुम्ही." करंट वाढतो, गरमी वाढते, आणि बिचारा लाल डोळे दाखवतो. पोरीनं दोन्ही कॉइल एकामागे एक जोडल्या, 8 ओहम. बेस थोडा कमी झाला, हे मी लपवत नाही. 2 ओहम झेपणारा, क्लास डी जातीचा, एकाच चॅनेलचा वेगळा मोनो अँप घेतला तर तो बेस परत येईल, शिवाय तो कमी तापतो, कारण घेतलेल्या विजेतली 80-90 टक्के तो आवाजाला देतो. माझ्यासारखा क्लास एबी जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास देतो, बाकीचं सगळं गरमी होऊन पत्र्यातून निघतं. पण काकांनी मला नवा विकायचा प्रयत्न केला नाही. "पैसे आले की पाहू," एवढंच.

माझ्या अँपच्या खोक्यावर 2000 वॅट छापलंय. त्यावर पोरगी हसली आणि फ्यूज दाखवले: 25 अँपिअरचे दोन. 50 गुणिले 13.8 म्हणजे 690 वॅट, तेवढंच तो बॅटरीतून ओढू शकतो, त्यातले चारशेच्या आसपास आवाजाला. 2000 कुठून आणणार? तेव्हापासून कुणी वॅट सांगितले की मी फ्यूज विचारतो. यार्डात दोन जणांशी वादही झाले यावरून.

मग अखेर अँप खोलला. झाकण निघालं आणि आम्ही तिघंही वाकून पाहत राहिलो. आतला छोटा पंखा दिसतच नव्हता. त्यावर कापूस जमला होता. दोन हंगाम मी उघड्या खिडक्यांनी कापूस वाहिला, ते बारीक तंतू पंख्यानं आत ओढले, त्यात रस्त्याची धूळ, आणि त्याचा असा दाबून बसलेला नमदा झाला होता की काकांनी तो चिमट्यानं अख्खा उचलला, पापडासारखा. पंखा फिरायचा प्रयत्न करून करून थकला होता. खाली मॉसफेटची, म्हणजे अँपच्या सगळ्यात तापणाऱ्या भागांची, रांग पत्र्याला टेकवणारी पट्टी एका बाजूनं सैल. डबा रोज थरथरत होता आणि अँप त्याच डब्यावर, स्क्रू ढिले होणारच. त्यामागची, गरमी पत्र्यात नेणारी पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. ती खरवडून साफ केली, नवी लावली, पट्टी आवळली, ब्रशनं सगळं झाडलं.

अँप आता डब्यावर नाही, सीटमागच्या पत्र्यावर लाकडी पट्ट्यांवर उचलून बसवलाय, त्याच्या पत्र्याच्या खाचा उभ्या, म्हणजे गरम हवा वर निघते. पुढे-मागे दोन बोटं जागा. समोर कॉम्प्युटरचा एक 12 व्होल्टचा पंखा, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावून, कापूस आत जाऊ नये म्हणून. पंखा डेकच्या निळ्या रिमोट वायरला थेट जोडला नाही. ती वायर नुसता इशारा देण्यापुरती असते, ओझं तिला झेपत नाही. मध्ये रिले टाकला, म्हणजे इशारा मिळाला की बॅटरीची वीज पंख्याला सोडणारा स्विच. दर महिन्याला मच्छरदाणी काढून झटकायची, एवढं काम माझ्याकडे.

शेवटी गेन, म्हणजे अँपवरचा एक फिरवायचा नॉब. माझा गेन शेवटपर्यंत फिरवलेला होता. आवाज फाटतो वाटलं की मी अजून पिळायचो. "हे आवाजाचं बटन नव्हे बावा," काका म्हणाले, "डेक केवढ्यानं बोलते ते अँपले सांगाचं बटन आहे." फाटलेला आवाज अँपलाही तापवतो आणि वूफरची कॉइलही जाळतो. पोरीनं वूफर सोडवला, इक्वलायझर सपाट केला, पेनड्राइव्हवरचा 50 हर्ट्झचा सूर लावला, डेक 40 पैकी 30 वर. अँपचे ब्रिजचे खरे वॅट 200, 4 ओहमवर. 200 गुणिले 4 आठशे, त्याचं वर्गमूळ 28.3, म्हणजे अँपच्या वूफरच्या टोकांवर तेवढे व्होल्ट. गेन शून्यावरून हळूहळू वाढवत मीटर 28 ला आला तिथे थांबवला. नॉबची खूण अर्ध्याच्याही खाली होती!

बिल सांगतो: मजुरी 500, केबल 1,050, फ्यूज आणि होल्डर 180, पंखा 150, रिले 90. एकूण 1,970. दुसऱ्या दिवशी दुपारी सामान घेऊन यवतमाळला गेलो आणि आलो, येता-जाता गाणं चालू. घरी पोचल्यावर अँपला हात लावला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. त्यानंतर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, गेला, लाल लाईट एकदाही आला नाही. उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या फुल आवाज मी आता देत नाही. आधी खिडक्या उघडून गाडी दोन किलोमीटर चालू देतो, हेही काकांनीच सांगितलेलं.

आता तो कापलेला एक. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद, काका घरी झोपतात. माझं काम अर्धवट, सीट बाहेर काढलेली, आणि मी कडुलिंबाखाली त्या भोंग्यांकडे बघत बसलेला. संध्याकाळी सहाला मोकळा झालो, एक भाडं बुडालं. फोन ते उचलत नाहीत, पोरगी उचलते, तेही मनात आलं तर. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडे मिळतात. बाजाराच्या दिवशी गेलात तर नंबरच लागणार नाही. घाई असेल तर जाऊ नका.

आणि दुपट्टा परत मागून घ्या. माझा त्यांनी दिला नाही. परवा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा काका त्यानं काउंटर पुसून राहिले होते.