एक किक, एक स्नेअर, एक हाय-हॅट : आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला ड्रमसेटची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी त्यातले तीन टॉम (रोल वाजवायचे ड्रम), दोन क्रॅश आणि राईड (सिंबल, म्हणजे मोठ्या झांजा) आणि दोन्ही पायांनी किक वाजवायचं डबल पेडल खोक्यांत भरून माळ्यावर ठेवले. खाली उरली पायाने वाजवायची २० इंची किक, काठ्यांनी वाजवायचा १४ इंची ड्रम म्हणजे स्नेअर आणि १४ इंची हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडबंद होणारी झांजांची जोडी. तेव्हापासून घरचा रियाझ, ऑर्केस्ट्राची रिहर्सल आणि बहुतेक कार्यक्रम मी एवढ्यावरच वाजवतोय.

हे करायला लावलं एका रेकॉर्डिंगने. नवरात्रातल्या एका कार्यक्रमाचं आमच्या साउंडवाल्याने थेट मिक्सरवरून घेतलेलं. त्या रात्री माझ्या दोन रोलना (ड्रमवरून फिरवलेल्या भराभर ठोक्यांना) टाळ्या पडल्या होत्या, म्हणून हौसेने ऐकायला बसलो. तिसऱ्या गाण्यापर्यंत लक्षात आलं की माझ्या प्रत्येक रोलनंतर गाणं थोडं पुढे सरकतंय. गायिकेला अंतऱ्यात श्वास घ्यायला जागा राहत नव्हती. ती मुळीच घाई करत नव्हती, मी तिला ओढत होतो. बारा वर्षं वाजवून, दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन विकत घेऊन, माझी लय गाण्याच्या शेवटापर्यंत जागेवर राहत नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही.

पहिला महिना अवघड गेला. कडवं संपत आलं की उजवा हात आपोआप टॉमच्या जागी जायचा आणि तिथे काहीच नसायचं. मग रोलच्या जागी काय करायचं? बरेचदा उत्तर मिळालं, काहीच नाही. बीट तशीच चालू ठेवायची आणि शेवटच्या मात्रेवर हॅट जरा उघडून समेवर बंद करायची. गाणं वळायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या महिन्यात मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, बदलला. बदलला म्हणजे तोच, फक्त मिनिटाला ७० मात्रांच्या लयीसाठी तो ३५ वर लावायला लागलो आणि त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायला लागलो. पहिली आणि तिसरी मात्रा आपली आपण सांभाळायची. करून बघा. पहिल्या पाच मिनिटांत ठोके कुठेतरी निसटतात, आणि आपण आजवर किती लय उसनी घेत होतो ते कळतं. एकच बीट न थांबता, न बदलता वीस मिनिटं. सातव्या-आठव्या मिनिटाला कंटाळा येतो, बाराव्याला खांदे खाली येतात आणि त्यानंतर कधीतरी ठेका बसतो. बसला की तो ठोका ऐकूच येत नाही, कारण तो स्नेअरच्या आत गेलेला असतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हॅटने. फोन सेटजवळ ठेवू नका, खोलीच्या दारात ठेवून रेकॉर्ड करा, ऐकणाऱ्याच्या कानाला काय जातं ते तेव्हा कळतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हॅट सगळ्यांच्या वर होती, स्नेअर तिच्या खाली आणि किक कुठेतरी तळाशी. व्हायला हवं बरोबर उलटं. चार मात्रांतले आठही ठोके मी काठीच्या जाड भागाने हॅटच्या कडेवर मारत होतो. आता मात्रेवरचा ठोका कडेवर, मधला काठीच्या टोकाने वरच्या सपाटीवर. स्नेअरच्या वेळी हॅटवरचा हात जरा हलका. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स तर दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हॅटवरून हात उचलूनच घ्यायचे, म्हणजे त्या क्षणी स्नेअर एकटी वाजते. १९५७ सालचा ग्रेच कंपनीचा चार ड्रमचा सेट घेऊन त्यांनी मोठमोठी स्टेडियमं वाजवली. अख्खं स्टेडियम डुलवायला तेवढे ड्रम पुरत होते.

याच काळात अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ गाण्यातला ड्रमर क्लाईड स्टबलफिल्डचा तो ब्रेक, म्हणजे फक्त ड्रम वाजतात तो तुकडा, पुन्हा ऐकायला घेतला. नोव्हेंबर १९६९, सिनसिनाटीचा स्टुडिओ. ब्रेकच्या आधी जेम्स ब्राउन त्यांना सांगतात की सोलो करू नकोस, चाललंय तेच धरून ठेव. आणि क्लाईड खरंच तेच धरून ठेवतात. काही सेकंदांचा तो तुकडा पुढे असंख्य हिपहॉप रेकॉर्डमध्ये वापरला गेला. मी तो किक, स्नेअर, हॅटवर बसवायला घेतला. क्रम दोन दिवसांत बसला, पण चाल तीन महिने आली नाही. जीव होता तो स्नेअरवरच्या बारीक ठोक्यांत. जोराच्या ठोक्याला काठी वीतभर वर जाते, बारीक ठोक्याला दोन बोटंसुद्धा नाही. ती दोन बोटं सांभाळायला जो ताबा लागतो तो मला डबल पेडलला कधी लागला नव्हता. म्हणून ‘टेक्निक नको’ असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही. टेक्निक हवंच, पण लोकांना दिसत नाही ते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मेंफिसची, १९६५ ची. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना निर्माते जेरी वेक्सलर बाहेर येऊन चक्क नाचून दाखवतात की दुसरी आणि चौथी मात्रा कुठे पडायला हवी. ड्रमवर अल जॅक्सन. त्यांनी स्नेअर केसभर मागे नेली आणि गाण्याची बैठकच बदलली. ७० च्या लयीत एक मात्रा सुमारे ८५७ मिलिसेकंदांची असते. त्यातले वीसेक मिलिसेकंद स्नेअर मागे टेकली तर गाणं आरामात बसतं, पुढे गेली तर उभं राहतं. हे आकड्यांनी शिकता येत नाही. मी शिकलो ते घरात चालून, पावलं टाकत तोंडाने बीट म्हणून.

आपल्याला हे नवीन का वाटावं, हा प्रश्न मला सारखा पडतो. ‘ठेका’ हा शब्द आपलाच आहे. अहमदजान थिरकवाँसारखा अफाट सोलो वाजवणारा तबलिया बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत पदांना साथ करायचा. भजनात पखवाजवाल्याला कोणी विचारत नाही की तू किती वेगाने वाजवतोस. टाळकऱ्यांचे पाय उचलले जातायत का, एवढंच बघतात. ड्रमसेटवर बसलो की हे सगळं आम्ही विसरतो आणि सिंबल मोजत बसतो.

पाचव्या महिन्यात रिहर्सल संपल्यावर आमचा बेसवाला गिटार पुसत म्हणाला, “दादा, आज तुझ्या किकवर टेकून बसता आलं. रोज असंच वाजव ना.” सहा वर्षं आम्ही शेजारी वाजवतोय, असं तो पहिल्यांदाच बोलला. त्याच्या बेसच्या सुरांची लांबी मीही पहिल्यांदाच ऐकत होतो, हेही खरं.

आता अडचणी. ऐंशीच्या दशकातल्या काही हिंदी गाण्यांत टॉमचे रोल हा चालीचाच भाग आहे, लोक ते तोंडाने म्हणतात. तिथे स्नेअरवर भागवलं की गाणं उघडं पडतं. सध्या ते रोल ऑक्टोपॅडवाल्याकडे दिलेत. डबल पेडलचा वेग पार गेलाय, मेटल वाजवणाऱ्यांनी हे विचारात घ्यावं. एका आयोजकाने सेट बघून तोंडावर विचारलं, “एवढंच?” आणि मानधनात घासाघीस केली. ते लागलं मनाला. राईड नसल्यामुळे मोठ्या कोरसला फुलायला वाव कमी मिळतो, तिथे हॅट अर्धी उघडी ठेवून चालवतो, पण ते तितकं मोकळं होत नाही.

खर्च झाला तो स्नेअरच्या नवीन स्किनचा आणि किकमध्ये घालायला घरातली जुनी गोधडी काढली. स्नेअर नीट लावायला शिकलो, रोज वाजवण्याआधी दहा मिनिटं त्यातच जातात. आधी कधी एवढी लावलीच नव्हती. सामान एका रिक्षात मावतं.

दोन वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना हे सुचवणार नाही, त्यांनी सगळा सेट हाताळावा. पाच-सात वर्षं वाजवून नवीन सिंबलच्या किमती बघत बसलेल्यांनी मात्र आधी तीन महिने एवढ्यावर काढावेत.

गेल्या आठवड्यात माळ्यावरून फ्लोअर टॉम खाली आणला. अख्ख्या कार्यक्रमात तो चार ठिकाणी वाजला. त्या चारही ठिकाणचं रेकॉर्डिंग मेट्रोनोम लावून तपासलं, लय जागेवर होती. राईड पुढच्या महिन्यात काढेन.