प्रागमध्ये रस्त्यावर युरो बदलू नका, माझे १८४ युरो गेले

लिहायला लाज वाटते, पण उद्या तुमच्यापैकी कुणीतरी त्याच चौकात उभं असेल, म्हणून लिहितेय.

पावडर टॉवरपासून पायी निघालात की दहा मिनिटांत जुन्या शहराचा चौक येतो. खगोलीय घड्याळाचा तास पडायची वाट बघत सगळे माना वर करून उभे असतात आणि रस्त्यावर नोटा बदलून देणारे लोक तिथेच फिरत असतात. शेजारच्या एक्स्चेंजच्या काचेवर युरोला २१ कोरुना (चेक चलन) लिहिलं होतं. बाजारभाव २५च्या आसपास. दाराशी उभा असलेला नीटनेटका माणूस म्हणाला, आत कापतात, मी २७ देतो.

इथेच थांबायला हवं होतं. बँकेपेक्षा दोन कोरुना जास्त कोण कशाला देईल? पण डोक्यात २१चा राग होता. त्या भावाने २०० युरोंवर ८०० कोरुना बुडत होते, ते वाचवायचे होते.

त्याने माझ्यासमोर ५४०० मोजले. वर २००च्या दोन नोटा, खाली २०००च्या दोन आणि १०००ची एक. मी स्वतः परत मोजले, बरोबर भरले. तेवढ्यात त्याचा जोडीदार "पोलीस, पोलीस" म्हणाला आणि दोघं पसार. चार्ल्स पुलाच्या बुरुजावर तिकीट काढताना खिडकीतल्या बाईंनी हजाराची नोट परत सरकवली आणि एका शब्दावर बोट ठेवलं: फोरिंट. हंगेरीचं चलन! २००च्या दोनच नोटा खऱ्या, म्हणजे १६ युरो. खालचे ५००० फोरिंट म्हणजे जेमतेम १२ युरो. तो शब्द रोमन लिपीत ठळक छापलेला होता, मला वाचता येत होता, आणि मी फक्त शून्यं मोजली. या एका गोष्टीने अजून झोप लागत नाही.

हजार कोरुनाची नोट जांभळट असते आणि तिच्यावर पालात्स्की हे दाढीवाले गृहस्थ असतात. हजार फोरिंटची निळी, त्यावर लांब केसांचा राजा. पण देशात पहिल्यांदा पाय ठेवलेल्या माणसाला हे कसं कळणार? तेवढी चूक मी माझी मानत नाही. नोटेवर 'कोरुन चेस्किख' आणि चेक नॅशनल बँकेचं नाव वाचायचं, एवढं पुरे.

पोलीस ठाण्यात २ तास ४० मिनिटं बाकावर. दुभाषी नाही. मग उत्तर काय, तर तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, आणि रस्त्यावर चलन बदलणं मुळात बेकायदेशीर आहे. अहो, बेकायदेशीर आहे तर तो माणूस भर चौकात उभा कसा? कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणे लेखी अर्ज करा. अर्ज चेक भाषेत. ते ५००० फोरिंटही पुरावा म्हणून ठेवून घेतले, म्हणजे तोटा १८४ युरो, साधारण साडेसोळा हजार रुपये. विमा कंपनीने पोलिसांचा कागद मागितला, तो दिल्यावर सांगितलं की ही चोरी नव्हे, फसवणूक आहे, पॉलिसीत बसत नाही.

परवानाधारक दुकानात तरी नियम आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१९पासून १००० युरोंपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत, कारण न देता रद्द करता येतो. पावती मात्र हातात हवी. २१चा भाव मिळाला तरी दुकानातच बदला, पुढच्या गल्लीत चांगला दिसला तर परत येऊन रद्द करा. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काहीच लागू नाही. एटीएममधून काढलेत तर यंत्र 'रुपयांत हिशेब करू का' विचारतं, तिथे नकोच म्हणा, हिशेब कोरुनातच होऊ द्या. आणि चौकातल्या गाड्यांवर भाजलेल्या हॅमच्या पाटीवरची किंमत १०० ग्रॅमची असते, तुकडा कापण्याआधी वजन सांगा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तोच माणूस त्याच दाराशी होता. मी पोलिसांच्या १५८ वर फोन केला. ठाण्यात येऊन सांगा, म्हणाले.