सोलापूर की मालवण : बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

जुळे सोलापूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मालवणात नोकरी चालून आली आहे. मात्र वहिनी आणि मुलांचा जीव नवी पेठेच्या गर्दीत आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत अडकलेला आहे.

हवेपुरते पाहिले, तर इथला चाळिशीपार उन्हाळा तिथे नाही, पण घाम आहे. आणि सोलापुरात वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस तिथे चार महिन्यांत कोसळतो. खरा खर्च तिथल्या या हवेतच दडलेला आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, आणि जुलैत धुतलेली सोलापुरी चादर दोन दिवसांनीही ओलसरच राहून तिला कुबट वास येतो. उलट इथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पिंपे भरून ठेवावी लागतात, हा त्रास विसरून चालणार नाही.

प्रवासात सोलापूर उजवे ठरते. मुंबई-चेन्नई लोहमार्ग शहरातून जातो, तर मालवणकरांना रेल्वेसाठी सुमारे 30 किलोमीटरवरचे कुडाळ गाठावे लागते. महाविद्यालये आणि तज्ज्ञ डॉक्टर यांबाबतही तेच. मासळी ताजी मिळेल, पण जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. शिवाय कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथूनच न्यावी लागेल.

मुले प्राथमिक शाळेत असतील आणि सायंकाळी घरात रमणे जमत असेल, तर मालवण योग्य. दहावी-बारावीची मुले किंवा नियमित उपचार लागणारे वडीलधारे घरात असतील, तर सोलापूरच बरे. भावाची थोरली यंदा दहावीला आहे.