रामबागचं मेडिकल: गोळी दिली नाही म्हणून पाच स्टार

इंदूरमधल्या रामबागच्या या मेडिकलला काही जणांनी एक-एक स्टार टाकलाय, कारण काय तर काका चिठ्ठी बघितल्याशिवाय दुखण्याची गोळी देत नाहीत आणि वर दहा प्रश्न विचारतात. मी ह्याच कारणासाठी पाच देतोय.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी ट्रामाडोल (अफूच्या जातकुळीतली दुखण्याची गोळी, सवय लागू शकते) लिहून दिली होती, थोड्याच दिवसांसाठी. ती संपली आणि आईचं सुरू, त्या गोळीनेच झोप लागते, तीच आण. जुनी चिठ्ठी घेऊन गेलो तर काकांनी तारीख बघितली आणि म्हणाले, "ही मी नाही देणार रे, आधी डॉक्टरांना फोन लाव." लावला, तर डॉक्टरांनी पण गोळी बदलूनच दिली. दुसऱ्या एका दुकानात (नाव नाही घेत) हीच स्ट्रिप काहीएक न विचारता मिळत होती, वर दहा टक्के सूट!

ट्रामाडोल 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे आणि शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत तर त्याच्या आधीपासून, म्हणजे पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं सांभाळायचं. काका खरंच लिहितात, म्हणून वेळ लागतो.

गर्दी नसेल तर ते अमेरिकेचं पुराण पण ऐकवतात. पर्ड्यू फार्माने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही याच जातकुळीतली दुखण्याची गोळी आणली आणि हिचं व्यसन फारसं लागत नाही असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं, 2007 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, साठ कोटी डॉलर भरले, तीन मोठे साहेब पण दोषी, पण जेलात कोणी नाही, आणि गोळी विकणं चालूच! 2020 मध्ये परत कबुली. मालक सॅकलर मंडळींना, दिवाळं कंपनीचं काढून, स्वतःचं न काढता, पैसे देऊन पुढच्या खटल्यांतून सुटायचं होतं, ते 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 5-4 ने हाणून पाडलं, मग 740 कोटी डॉलरचा नवा करार झाला. जेलची शिक्षा झाली ती आपल्या अमृतसरच्या जॉन कपूरला, इन्सिस कंपनीचा मालक, फेंटानिल या त्याहून जालीम दुखण्याच्या औषधाचा स्प्रे लिहून द्यायला डॉक्टरांना लाच चारायचे, साडेपाच वर्षं. काका म्हणतात दंड म्हणजे कंपनीला धंद्याचा खर्च. मला पटतं, कारण आपल्याकडेही धाड पडली की आधी सापडतो तो काउंटरवरचा माणूस, गोळी बनवणाऱ्यापर्यंत कोण जातंय. आणि आपण तर अफू पिकवणाऱ्या नीमच-मंदसौरचे शेजारी, अफूची सरकारी फॅक्टरीच नीमचला, आपल्याला हे कळायला अमेरिका कशाला हवी भिया.

बाकी पार्किंगच्या नावाने बोंब आहे, स्कूटर समोरच्या गल्लीत लावा. सूट मागू नका, देत नाहीत. बीपी-शुगरची औषधं घरपोच येतात पण संध्याकाळी सातनंतर, आणि रविवारी दुपारून शटर बंद.