डिसेंबरातला कुडू

शिकारीच्या टूरच्या नावाखाली माझे तीन लाख सदतीस हजार गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक तोच शोधत खाली पळतात.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. बरीच वर्षं बोटीवर काढली, आमच्याकडे तारवटी म्हणतात तसला, आता घरीच असतो. आजोबा पोर्तुगीजांच्या काळात सत्तरीच्या रानात शिकारीला जायचे, त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. १९७२चा वन्यजीव कायदा आल्यावर इथला तो विषय संपला आणि संपला ते बरंच झालं, २०२०च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ विष घालून मारले तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. मग तू कशाला निघालास शिकारीला असं विचाराल. नामिबियात ती कायदेशीर आहे, परवाना काढून, गाइड बरोबर घेऊन, आणि मला आयुष्यात एकदा जायचं होतं, एवढंच. शिव्या घालायच्या असतील तर घाला, बायकोच्या घालून झाल्यात.

पण तिला कळलं ते पैसे गेल्यावर. आधी घरात कोणालाच बोललो नव्हतो, आणि सगळा घोळ इथंच आहे. जागा घेताना माणूस दहा जणांना विचारतो. कुडू, म्हणजे आफ्रिकेतलं हरणासारखं मोठं जनावर, मारायला चाललोय हे देवघर असलेल्या घरात कोणाला विचारणार? ही टूर विकणाऱ्या माणसाला हे बरोबर माहीत होतं. पहिल्याच भेटीत, पणजीत एका कॅफेत, आवाज खाली करून म्हणाला, "पात्रांव, ही गोष्ट चार लोकांत बोलायची नाही, लोकांना समजत नाही." मला वाटलं किती समजूतदार माणूस.

त्याचा नंबर मिळाला होता नेमबाजीच्या रेंजवर. मी एअर रायफल मारतो, कधीमधी पॉइंट टू-टूची छोटी रायफल, त्याच्या पुढचं काही हातात धरलेलं नाही. तिथल्या एकाच्या ओळखीच्या ओळखीतला हा. मोबाइलवर फोटो दाखवले, खुश क्लायंट, पुढ्यात पडलेला कुडू, ती पिळदार शिंगं. तीन वेगवेगळे क्लायंट, तीन फोटो. तिन्ही कुडूंच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही हां, दिसलं, आणि मी मनात म्हटलं तिकडच्या कुडूंची शिंगं तुटत असतील झाडांत अडकून. माणसाला जायचंच असलं की तो असा वकील होतो, स्वतःच्याच विरुद्ध.

मे महिन्यात एक लाख ऐंशी हजार ॲडव्हान्स, यूपीआयनं, त्याच्या स्वतःच्या खात्यात, दोन दिवसांत तोडून तोडून. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस नावाचा कर घ्यावा लागतो, त्यासाठी पॅन मागतात. यानं पॅनचं नावच काढलं नाही. मला वाटलं बरं झालं, टॅक्स वाचला.

मग तयारी. नवे बूट घेतले, नऊ हजारांचे, आणि ते पायाला बसावेत म्हणून पारोड्याला चंद्रनाथ पर्वतावर आठवड्यातून तीनदा चढायला लागलो. तिथं म्हणे दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालवतात आणि गोळी उभ्यानं मारायची असते, तिकाटण्यावर रायफल टेकवून, म्हणून घरी बांबूच्या तीन काठ्या बांधल्या आणि गच्चीवर एअर रायफल टेकवून श्वास धरायची प्रॅक्टिस. बायको विचारायची हे काय चाललंय, मी म्हणायचो वजन कमी करतोय. वजन खरंच कमी झालं, सहा किलो, तेवढाच काय तो फायदा.

जुलैत पंच्याण्णव हजार "ट्रॉफी परमिट"चे. खरं म्हणजे ते परमिट तिकडचा गाइड किंवा फार्मवाला तिकडच्या पर्यावरण मंत्रालयातून काढतो, ते गोव्यात विकत मिळत नसतं. परमिटसाठी म्हणून यानं माझा फोटो मागितला. पासपोर्ट साइज नाही, पूर्ण उभा, टोपी-बूट घालून. मी चंद्रनाथच्या पायऱ्यांवर भाच्याकडून काढून घेतला आणि पाठवला. पीडीएफ आलं त्यात विंडहोकचं, म्हणजे नामिबियाच्या राजधानीचंच, स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. वर बिबट्याचं डोकंसुद्धा पॅकेजमध्ये, "घरपोच". बिबट्या साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, ते डोकं पणजीत उतरलं असतं तर मागोमाग मी आत गेलो असतो.

रायफलचं विचारलं तर म्हणाला तिथं भाड्यानं देतात, बासष्ट हजार, "आणि तुमच्या हाताला टू-टूची सवय आहे ना, तीच देऊ, कुडूला चालते." इथं माझ्या पोटात कालवलं. नामिबियात कुडूसाठी काडतुसाची ताकद कमीत कमी २७०० ज्यूल लागते, असा नियमच आहे, आणि टू-टू जेमतेम दीडदोनशेची. कुठलाही शिकारवाला हे झोपेत सांगेल. मी काय केलं? पैसे पाठवले. चवथीचे दिवस होते, घरात पाहुणे, मोदक तळणं चाललेलं, फोन घेऊन न्हाणीघरात गेलो आणि पाठवले.

दुसऱ्या दिवशी जुन्या बोटीवरच्या एका दोस्ताचा चवथीच्या शुभेच्छांचा फोन आला, त्यांची बोट योगायोगानं नामिबियातल्या वॉल्विस बे बंदराला लागलेली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं, म्हटलं डिसेंबरात तुझ्या त्या देशात येतोय. त्यानं फोन कानाला लावूनच टॅक्सीवाल्याला विचारलं. मग मला म्हणाला, "अरे बाबा, डिसेंबरात इथं शिकार बंद असते, हा सांगतोय." खरंच आहे ते, सीझन १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. नाताळच्या सुट्टीतलं माझं बुकिंग उघडं पाडायला एक टॅक्सीवाला पुरला. मी चार महिने फोनवर कुडूचे व्हिडिओ बघत होतो आणि हे एकदा बघितलं नाही.

लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. बँकेनं शेवटच्या बासष्टमधले एकेचाळीस हजार समोरच्या खात्यात होल्ड केले, ते अजून परत यायचेत. मेमधले आणि जुलैमधले कुठल्या कुठे गेले होते. स्टेशनवर जबाब देताना "कसली टूर?" या प्रश्नाला शिकारीची असं म्हटल्यावर लिहिणारा हवालदार थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मला पुन्हा समजावून सांगावं लागलं की बाबा परदेशात, परवान्यानं.

खरा कोटेशनवाला दिवसाचा दर वेगळा लावतो, प्रत्येक जनावराचा वेगळा, आणि जखमी करून हरवलं तरी त्याचे पैसे घेतो, हे सगळं मी आता वाचलंय. यानं "फुल गॅरंटी, जनावर नाही तर पैसे परत" असं लिहून दिलं होतं. रानातल्या जनावराची गॅरंटी!

गेल्या आठवड्यात भाचा आला, तोंड पाडून फोन पुढे केला. त्याच्या मित्राला कोणीतरी नव्या नंबरवरून शिकारीची जाहिरात पाठवलेली. पिवळं गवत, तोच कुडू, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, आणि त्याच्या मागे टोपी घालून, नवे बूट घालून, छाती काढून मी उभा. खाली लिहिलंय, गोव्याचे आमचे समाधानी ग्राहक. तुमच्याकडे तो फोटो आला तर एवढं लक्षात ठेवा, त्या बुटांखाली नीट बघितलं तर चंद्रनाथची पायरी दिसते, ती कापायची राहून गेलीय.