घरबसल्या कोर्स की गावातला कोर्स?

आमच्या बचत गटात सध्या हाच वाद चालूये, हवामान बदलात टिकेल असा धंदा शिकायचा तर मोबाईलवरचा कोर्स करायचा का विद्यापीठाचे लोक गावात येऊन पाच-सहा दिवस शिकवतात तो. नाशिककरांना घरबसल्या शिकणं नवं नाही म्हणा, मुक्त विद्यापीठ 1989 पासून इथंच आहे. फायदा एकच पण मोठा, रात्री भाकऱ्या झाल्या की व्हिडिओ लावायचा, मजुरी बुडत नाही. हिशोब, लेबल, फूड लायसन्स, बँकेचं कर्ज एवढं त्यात मस्त कळतं.

पण वाळवणाचं काय? मी मागे एक ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट आलं, आणि त्याच एप्रिलात अवकाळीनं कांद्याच्या चकत्या भिजल्या, दोन दिवसात काळ्या बुरशीचा वास. गावातल्या कोर्समध्ये मॅडमनी सोलर ड्रायरच्या ट्रेमधली चकती हातात मोडायला लावली, कट्कन तुटली तर झाली, वाकली तर अजून ओल आहे, परत आत टाका. कांदा साठवायच्या चाळीत खालून हवा का लागते तेही तिथंच कळलं, चाळीखाली हात घालून. हे स्क्रीनवर कसं कळणार सांगा.

अडचण अशी की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंज नाही म्हणून ऑनलाइन बाद, आणि गावातला कोर्स नेमका द्राक्ष तोडणीत ठेवतात, मग बायका येणार कुठून? जूनच्या आधी, मे महिन्यात ठेवा की राव.

मला विचाराल तर आधी गावातला, हिशोबाचं नंतर मोबाईलवर.