सकर मासा ('साफसफाईवाला'): माशाला 3 स्टार, दुकानाला अर्धा

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण पुण्यात असली दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि सगळीकडे हेच चालतं. 3 वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक घेतला, त्यात गप्पी आणि मॉली. महिन्याभरात काचेवर हिरवं शेवाळ धरलं म्हणून परत गेले तर दुकानदार दादा म्हणाले, ताई सकर घेऊन जा, काच चाटूनपुसून ठेवतो, वेगळं खायला पण घालायला लागत नाही. किंमत 60 रुपये. बोटाएवढा मासा, पिशवीच्या आतून तोंड चिकटवून बसलेला, लेक तर तिथेच फिदा. नाव ठेवलं झाडू.

पहिले 6 महिने खरंच एक नंबर. सकाळी उठून बघावं तर काचेवर चाटल्याचे पट्टे दिसायचे, जणू कुणीतरी फडकं फिरवलंय. त्यानंतर साहेबांना बाकीच्या माशांचे दाणे आवडायला लागले आणि शेवाळाकडे ढुंकून बघेनात. उलट हाच एवढी घाण करतो की दोऱ्यासारखी लांबच लांब शी सगळीकडे लटकलेली, आठवड्याला दोनदा पाणी बदला. आता फूटभर झालाय. त्या टँकमध्ये वळायचं म्हणजे रिक्षाने बोळात यू टर्न घेतल्यासारखं, रात्री शेपटी आपटली की झाकण खडखडतं आणि सासूबाई दचकून उठतात.

पण मासा म्हणून भारी आहे हे मान्य. अंगावर खवले नाहीतच, हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. पंखांना काटे. पाणी बदलताना जाळीत असा अडकला की शेवटी कात्रीने जाळी कापायला लागली, तोवर हा बादलीच्या काठावर निवांत, डोळा आत ओढून घेतो ना तो डोळा मारल्यासारखाच वाटतो.

तर परत दुकानात गेले. म्हटलं दादा, पैसे नकोत, फक्त परत घ्या. नाही म्हणाले, मोठे सकर कोण घेणार. मग अगदी प्रेमाने, "नदीत सोडून द्या ना ताई, मजेत राहील." घरी सासूबाईंचं पण तेच, अगं मुका जीव आहे, सोडून ये, पुण्य लागेल. अर्धा स्टार आहे तो ह्या सल्ल्यासाठी.

मजेत राहील हे खरं आहे हो, तोच तर प्रॉब्लेम आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दीड फुटापर्यंत जातो, पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे आपल्या मुठेचं गटार झालंय तिथे आपले मासे मरतील पण हा जगेल. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि नर राखणीला बसतो, म्हणजे पिल्लं वाचतात आणि काठ ढासळतो. आणि त्या चिलखताला नि काट्यांना तोंड कोण लावणार? तळाचं शेवाळ, गाळ सगळं खरवडून खातो, त्यात बाकीच्यांनी दगडांवर चिकटवलेली अंडी पण जातात. मुठेत सोडलेला मुठेतच राहतो असंही नाही, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात.

मागच्या हिवाळ्यात ह्याच उजनीच्या काठावर, भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. होडीवाले काका जाळं सोडवत होते आणि त्यात झाडूचाच भाऊबंद, ओळखलाच मी. काका म्हणाले हा आला की एक तर जाळं फाडायचं नाहीतर हात फाडून घ्यायचा, बाजारात कोणी फुकट घेत नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निलो म्हणून धरण आहे, तिथे तर चिलापीचा (तिलापिया माशाचा) मोठा धंदा ह्याच माशाने बुडवला, जाळं ओढलं की निम्म्याहून जास्त सकर. (दुपारी हॉटेलात आपण जी 'उजनीची गावरान चिलापी' चापतो ती पण मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली, आणि कटला-रोहू गंगेकडचे. गावरान म्हणजे वाम, मरळ, शिंगटा. ते काय भाव मिळतात आणि किती मिळतात ते काकांना विचारा. मी चिलापी खाल्ली, खोटं कशाला बोलू, मस्त होती.)

मला एक कळत नाही, आफ्रिकन (थाई) मांगूर माशावर 2000 सालापासून बंदी आहे, तळी बुजवतात, टनाने मासे पुरतात, आणि हा सकर मात्र पिशवीत भरून शाळेतल्या पोरांच्या हातात. त्याच दुकानात पाच रुपयाच्या नाण्याएवढी लाल कानाची अमेरिकन कासवं पण होती, "एवढीच राहतात" म्हणे. ताटाएवढी होतात ती, आणि वीस-तीस वर्षं जगतात. मग ती पण कुठल्यातरी तळ्यात.

बाकी दुकान स्वच्छ आहे, फिल्टर चांगला दिला, पार्किंग नाही. एवढा मोठा होतो हे एक वाक्य घेताना सांगितलं असतं तर मी घेतलाच नसता, आणि बहुतेक म्हणूनच सांगत नाहीत. शेवाळासाठी म्हणाल तर जुनं एटीएम कार्ड घ्या आणि काच खरवडा, 5 मिनिटांचं काम, फुकट, आणि वाढत नाही.

झाडू सध्या गच्चीवरच्या पाण्याच्या जुन्या टाकीत आहे, वर जाळी टाकलीय. पुण्यात कोणाकडे 4-5 फुटी टँक रिकामा असेल तर खरंच सांगा, मी स्वतः आणून देईन. काकडी खातो, दुधी पण खातो, फक्त जाळीने पकडू नका.